पालथं बोट

१

बोट मेलं आणि खापर धाकटीच्या डोक्यावर फुटलं. फुटायला वेळही लागला नाही, कारण ती तिथे नव्हतीच. घरात नसलेल्या माणसावर आळ घेणं किती सोपं असतं, ते एकत्र कुटुंबात राहिलेल्याला सांगायला नको.

बोट म्हणजे माणसाचं नव्हे. ती एक पट्टी होती, करंगळीएवढी लांब आणि कागदासारखी पातळ. तिच्यावर जांभळा दिवा धरला की ती दिव्याकडे वाकायची, निळा धरला की मुकाट सरळ व्हायची. तार नाही, मोटर नाही, बॅटरी नाही. वाकता वाकता केसाएवढं बारीक भिंग अलगद उचलायची, आणि भिंगावर ओरखडासुद्धा उठत नसे. धाकटीने ती जिवाचं रान करून बनवली होती. दोन दिवसांनी भिंगं बनवणाऱ्या कंपनीची माणसं ती बघायला येणार होती.

त्या दिवशी दुपारचं जेवण झाल्यावर धाकटीने बोट खाली आणून सासऱ्यांना, म्हणजे नानांना, वाकवून दाखवलं. मग ते वरच्या कामाच्या खोलीत नेऊन ठेवलं आणि काचवाल्याकडे गेली. चहाच्या वेळेला थोरला दीर खालच्या ऑफिसच्या खोलीत शिरला आणि त्याने बोंब ठोकली. बोट खिडकीच्या कट्ट्यावर, रणरणत्या उन्हात पडलं होतं. एका टोकाला धाकटीची केसांची क्लिप लावलेली होती, वाऱ्याने उडू नये म्हणून लावावी तशी.

धाकटा, म्हणजे तिचा नवरा, धावत आला. त्याने क्लिप काढली, बोट उलटं केलं आणि मटकन खाली बसला. बोटाच्या पोटाचा गर्द नारिंगी रंग पार उडाला होता. जांभळा दिवा धरून पाहिला. बोट ढिम्म हललं नाही.

अंधार पडायच्या सुमारास धाकटी काचा घेऊन आली तेव्हा तिघेही दारात उभे होते.

"मी बोट काळ्या डब्यात ठेवून गेले होते," ती म्हणाली. हेच तिने नानांना सांगितलं, थोरल्याला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं. कोणी कानावर घेतलं नाही.

"किल्ली ठेव इथे," नाना म्हणाले. "उद्यापासून वरच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. पेटंटच्या अर्जावर तुझं नावही राहणार नाही. एवढा निष्काळजी माणूस माझ्या वर्कशॉपात नको."

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. ती खोली तिची होती. लग्नानंतर या घरात तिला तिचं असं काही मिळालं असेल तर तेवढंच.

"चौकशी तरी करा!" ती ओरडली.

"करतो की. फौजदाराला बोलावतो. ती म्हणेल ते शेवटचं."

हे ऐकून धाकटीला हसावं की रडावं कळेना. फौजदार म्हणजे तिची नणंद. आणि या जगात धाकटीचं वाईट व्हावं असं कोणाला मनापासून वाटत असेल, तर ते त्या बाईला.

२

फौजदार हे काही तिचं खरं पद नव्हतं. ती विमा कंपन्यांसाठी जळालेली दुकानं आणि बुडालेली गोदामं तपासायची, कोण खरं बोलतंय आणि कोण थापा मारतंय ते शोधायची. घरात तिची जीभही तशीच चालायची, म्हणून हे नाव पडलं. तिघा भावंडांत ती सगळ्यांत मोठी. आई गेल्यावर धाकट्याला तिनेच लहानाचा मोठा केला. तो तिचा जीव की प्राण. आणि त्या जिवाने शिकत असताना वर्गातली ही मुलगी घरी आणली, जी नवऱ्याला चारचौघांत "अरे ऐक ना" म्हणायची आणि नणंदेला उलट उत्तर द्यायची. फौजदाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून खाली उतरली नव्हती.

सकाळी ती गाडीतून उतरली तेव्हा मनात निकाल तयारच होता. फक्त तो कागदावर उतरवायचा होता.

नाना खालच्या खोलीत पाय लांब करून बसले होते. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाल्यापासून जिना त्यांना परका झाला होता.

"काय बोट होतं गं!" ते हळहळले. "लाख वेळा वाकवा, थकायचं नाव नाही. धाकट्याने मला छातीठोक सांगितलं होतं. तसंच मी कंपनीला कळवलं. आणि ह्या बयेने ते वाळत घातलं!"

थोरला ऑफिसात होता. हिशेब, गिऱ्हाइकं, भाडी हे त्याचं खातं. वरच्या खोलीतलं त्याला ओ की ठो कळत नसे आणि त्याचा त्याला अभिमान होता.

"काल दुपारी कुठे होतास?" फौजदाराने विचारलं.

"घरातच. नाना झोपले होते, धाकटा वर खाटखूट करत होता. मी फोनवर होतो."

"वरच्या खोलीची किल्ली तुझ्याकडेही आहे."

"म्हणजे? माझ्यावर संशय?" थोरला उसळला. "ताई, मला ही जागा गोदामाला भाड्याने द्यायचीय, हे मी सगळ्यांच्या तोंडावर सांगतो. चोरून कशाला करू? त्या बाईने घरभर मिजास केली, आता भोग म्हणावं. हा बघ पुरावा. हात लावायच्या आधी फोटो काढला मी, नंतर तिने कानावर हात ठेवायला नकोत म्हणून."

फोटो स्वच्छ होता. कट्टा, ऊन, निळी क्लिप, आणि क्लिपेत धरलेली चहाच्या चोथ्यासारख्या तपकिरी रंगाची पट्टी. फौजदाराने तो आपल्या फोनवर घेतला. मग टेबलावर ठेवलेलं मेलेलं बोट उचलून भिंगाखाली धरलं.

पांढुरक्या पडलेल्या पोटावर, एका टोकाला, क्लिपेच्या दातांचे बारीक वण उठले होते. ती वाकून पाहत राहिली. जळक्या दुकानांत तिने हजारदा पाहिलं होतं, भिंत काळी होते पण टांगलेल्या कॅलेंडरामागचा चौकोन कोरा राहतो. क्लिपेच्या दातांखाली ऊन शिरत नाही. तिथे नारिंगी रंगाचा ठिपका तरी उरायला हवा होता.

ठिपका नव्हता. दातांखालीही रंग उडालेलाच होता. म्हणजे बोट आधी मेलं, आणि क्लिप नंतर लागली.

३

वरच्या खोलीत पिवळे दिवे होते आणि खिडक्यांना पिवळा कागद. या उजेडात बोटाच्या केसालाही धक्का लागत नाही, म्हणून इथलं सगळं काम असल्या उजेडात चालायचं. माणसं मात्र कावीळ झाल्यासारखी दिसायची.

धाकटी उंबऱ्याबाहेर उभी होती. आत पाऊल टाकायची तिला बंदी होती आणि ती बंदी ती हट्टाने पाळत होती.

"कशाला आणलंत मला वर?" ती म्हणाली. "निकाल खालीच सांगायचा ना. तुमच्या मनासारखा झाला."

"तोंड सांभाळ. उन्हात का ठेवलंस ते सांग."

"नाही ठेवलं."

"क्लिप तुझी आहे."

"माझ्या क्लिपा आमच्या खोलीत आरशापुढे पडलेल्या असतात. घरातल्या कोणीही उचलाव्यात."

फौजदाराने दात आवळले. ही बाई तिला अजूनही सहन होत नव्हती. पण क्लिपेखालचा रंग काही केल्या डोक्यातून जाईना.

"बोट मरतं कसं? मला कळेल असं सांग. शहाणपणा नको."

धाकटीने एक सुस्कारा सोडला. "पोटाच्या थरात एक रंग आहे. त्याचे रेणू काडेपेटीतल्या काड्यांसारखे सरळ, एकमेकांना चिकटून उभे असतात. जांभळा उजेड पडला की त्या कमरेत मोडतात, पोट आखडतं आणि पट्टी वाकते. निळ्या उजेडाने काड्या पुन्हा सरळ. पण जांभळा उजेड प्रखर असेल, दिव्याचा असो की उन्हातला, आणि तास-दोन तास पडत राहिला की रंग जळून जातो. मग वाकायला उरलंय काय?"

"आणि पाठ?"

"पाठ वेगळ्या प्लॅस्टिकची आहे, तपकिरी. तिच्यातून जांभळा किरण पार जात नाही. म्हणून आम्ही बोट कधीही उताणं ठेवत नाही. पोट खाली, पाठ वर. पाठच त्याचं पांघरूण. पहिल्या दिवसापासून हाताला तीच सवय लागलेली. झोपेत दिलं तरी पालथंच ठेवू."

फौजदाराचा हात पर्समधल्या फोनकडे गेला आणि तिथेच थांबला. धाकटी बोलतच होती.

"तसंही ते बोट दाखवायच्या लायकीचं नव्हतं. काही हजार वेळा वाकलं की ढिलं पडतं. मी मोजून बघितलंय. नवऱ्याला महिन्यापूर्वीच सांगितलं, अजून वेळ मागून घे. तो म्हणाला, नानांशी बोललो, त्यांना सगळं ठाऊक आहे."

"नानांना ठाऊक आहे?"

"त्याने सांगितलंय ना."

खाली बसलेला म्हातारा तासाभरापूर्वीच म्हणाला होता, लाख वेळा वाकवा, थकायचं नाव नाही. जिना उतरताना फौजदाराने कठडा घट्ट धरला होता.

४

ऑफिसात जाऊन तिने फोटो पुन्हा उघडला. तपकिरी पट्टी. सगळ्यांनी कालपासून दहादा पाहिलेला फोटो, आणि कोणाच्याही नजरेत भरलं नव्हतं की तपकिरी म्हणजे पाठ. बोट पालथं होतं. ऊन सगळं पाठीवर पडत होतं आणि पोट कट्ट्याला टेकून सावलीत निवांत होतं. त्या खिडकीत ते महिनाभर पडलं असतं तरी मेलं नसतं.

तिने धाकटीकडून एक वाकून वाकून ढिलं पडलेलं, जुनं बोट मागून घेतलं होतं. ते तिने थोरल्याच्या हातात दिलं.

"जरा ठेव टेबलावर. हात मोकळा कर, सही हवीय."

थोरल्याने ते मिळालं तसं टाकलं. नारिंगी पोट वर, उताणं. सही केली आणि पुन्हा फोनला लागला.

धाकटा मागच्या अंगणात होता. रात्रभर झोप नसावी, डोळे तारवटले होते. ताईला पाहताच त्याचा चेहरा लहानपणी ताप आल्यावर व्हायचा तसा झाला, आणि तिला भडभडून आलं.

"ताई, तिला फार लागेल असं काही लिहू नकोस," तो म्हणाला. "चूक कोणाचीही होते. तिचं नाव काढा अर्जातून, पण आरडाओरडा नको. नंतर सगळं निवळेल."

"तू काल दुपारी वर होतास ना? बोट डब्यात नाही हे दिसलं नाही?"

"मी डबा उघडलाच नाही. मी मोठ्या दिव्याखाली गोंद लावलेले पत्रे सुकवत होतो."

"मोठा दिवा?"

"जांभळाच असतो तो. गोंद वाळवायचा." एवढं बोलून तो उगाचच चष्मा पुसू लागला.

"हे धर जरा," ती म्हणाली. जुनं बोट त्याच्या हातात देऊन ती पर्समध्ये काहीतरी शोधायचं निमित्त करू लागली. "ठेव तिथे कट्ट्यावर, हरवेल."

त्याने मान वर केली नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्यात बोट सहज फिरलं आणि कट्ट्यावर पडलं. पोट खाली, पाठ वर.

फौजदार त्या पट्टीकडे बघत राहिली. या हाताकडून तिने पाटीवर अक्षरं गिरवून घेतली होती. आत्ता कोणी येऊन म्हणालं असतं की चल, परत जा, काही झालंच नाही, तर ती गेली असती. पण कोणी आलं नाही, आणि आत नानांनी हाक मारली, "झालं का गं तुझं? काय ठरलं?"

५

नानांच्या खोलीत सगळे जमले. धाकटी दाराशी उभी राहिली. तिला कोणी बस म्हटलं नाही.

"लिही म्हणावं तिला, चूक झाली," थोरला म्हणाला. "मला कामं आहेत."

"तू गप्प बस," फौजदार म्हणाली. "काल बोट उन्हाने मेलं असं सगळे म्हणताय. का? कारण ऊन असेल तरच हिच्यावर येतं. ही जाताना ठेवून गेली, बाकीचं उन्हाने केलं. बरोबर?"

"मग?"

तिने फोटो उघडून आपला फोन मध्ये ठेवला. "हे पालथं आहे. पाठ उन्हात, पोट सावलीत. ऊन पोटाला शिवलंच नाही. आणि क्लिपेच्या दातांखालीसुद्धा रंग उडालाय, म्हणजे ते मेल्यावर क्लिप लावली."

नानांनी चष्मा चढवून फोटो जवळ घेतला. थोरल्याने मान पुढे काढली.

"मधे कोणी उलटं केलं असेल," तो म्हणाला.

"कोणी? क्लिप काढायची, बोट फिरवायचं, पुन्हा क्लिप लावायची आणि बोंब न मारता निघून जायचं? असा कोण आहे इथे?"

थोरल्याने मान मागे घेतली.

"ऊन नसेल तर उरला दिवा. वरचा मोठा जांभळा दिवा. त्याखाली बोट उताणं ठेवून तास-दोन तास जाळलं, मग आणून खिडकीत ठेवलं. नाना, जेवणानंतर तुम्ही ते जिवंत पाहिलंत. ही तुम्हाला दाखवून लगेच बाहेर पडली आणि अंधार पडताना परतली. काचवाल्याला मी फोन केला, ही दुपारभर तिथे काचा कापून घेत बसली होती. बोट तर चहालाच सापडलं. ऊन म्हटलं तर ही गुन्हेगार. दिवा म्हटला तर ही घरातच नव्हती."

धाकटी हलली नाही. तिचे डोळे फक्त नवऱ्याकडे वळले.

"घरात होते तिघे," फौजदार पुढे म्हणाली. तिचा आवाज आता तिलाच परका वाटत होता. "नाना, तुम्ही जिना चढू शकत नाही. थोरल्याकडे किल्ली आहे, पण त्याला पोट आणि पाठ यातलं काही कळत नाही. तासाभरापूर्वी त्याने माझ्यासमोर बोट उताणं टाकलं. त्याने हे केलं असतं तर उन्हात उताणंच ठेवलं असतं, आणि मी मूर्ख ठरून घरी गेले असते. बोट पालथं ठेवलं ते या कामात मुरलेल्या हाताने. मनात कपट होतं, पण हाताला ते ठाऊक नव्हतं. त्याने रोजच्यासारखं नीट पालथं ठेवलं."

"ताई," धाकटा म्हणाला.

"नानांना सांग. बोट थकतं, हे तू त्यांना सांगितलंस का?"

"थकतं?" नाना खेकसले. "काय थकतं?"

मग धाकट्याचा बांध फुटला. "काय सांगणार होतो मी? तुम्ही कंपनीला कळवून मोकळे झालात! सगळीकडे मिरवलंत! ते आले असते, आठवडाभर वाकवून बघितलं असतं आणि माझी छी थू झाली असती. बोट अपघाताने गेलं असतं तर नवं करायला सहा महिने मिळाले असते. तेवढ्यात सुधारलं असतं."

"आणि मी?" धाकटी म्हणाली. खोलीत आल्यापासूनचं तिचं हे पहिलं वाक्य.

"तुला मी नंतर परत घेणारच होतो. नानांना समजावलं असतं."

"परत घेणार होतास," ती म्हणाली. "माझ्या खोलीत."

६

नाना खाकरले.

"सूनबाई, किल्ली तुझी तू घे. नावही राहील. झालं गेलं विसरून जा." मग त्यांनी आवाज उतरवला. "पण बाहेर मात्र उन्हाचंच सांगू. घराची अब्रू आहे. तुझ्या हातून चुकून राहिलं, एवढंच. घरात आपल्याला खरं माहीत आहे ना?"

थोरल्याने मान डोलावली. धाकट्यानेही डोलावली. सगळ्यांत वाईट म्हणजे, एक क्षणभर फौजदारालाही ते रास्त वाटलं.

धाकटीने नानांच्या टेबलावरचा फोन उचलला, कंपनीच्या खरेदी बघणाऱ्या बाईंना लावला आणि स्पीकर चालू केला.

"बोट नष्ट झालंय," ती म्हणाली. "अपघात नाही. आणि ते न थकणारं नव्हतं. साडेचार हजार वेळा वाकलं की ढिलं पडायला लागतं. तुम्हाला जे कळवलं ते चूक होतं."

नानांनी कपाळाला हात लावला.

पलीकडून त्या बाई म्हणाल्या, "बरं झालं कोणीतरी बोललं. अहो, असली पट्टी थकतेच. आमच्या माणसांनी तुमचं पत्र वाचलं तेव्हाच ते हसले होते. आम्हाला तीन हजार पुरतात, तेवढ्यावर आम्ही पट्टी बदलतोच. नवं बोट कधी दाखवाल?"

"सहा आठवड्यांनी. पण पत्रव्यवहार यापुढे माझ्याशी."

"चालेल."

फोन बंद झाला. तीन हजार पुरत होते. धाकट्याने बोट जाळलं, बायकोचा बळी दिला, ते ज्या भीतीने, ती भीतीच खोटी होती. तो तोंडावर हात घेऊन रडायला लागला. एरवी फौजदाराने त्याला जवळ घेतलं असतं. आज ती जागची उठली नाही.

धाकटी नवऱ्यासमोर गेली आणि तिने हात पुढे केला. "तुझी किल्ली."

"अगं, पण मी काम कुठे करू?"

"किल्ली."

त्याने दिली. ती जिन्याकडे निघाली तशी फौजदार तिच्या मागे गेली. तिला काहीतरी बोलायचं होतं आणि माफी मागायची सवय नव्हती, त्यामुळे तोंडून भलतंच निघालं.

"शेवटी मीच सोडवलं ना तुला? माझा सख्खा भाऊ असून."

धाकटी दुसऱ्या पायरीवर थांबली आणि वळली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. राग मात्र काठोकाठ भरला होता.

"तुम्ही प्लॅस्टिकच्या तुकड्यावर विश्वास ठेवलात, ताई. बोट डब्यात ठेवलं होतं हे मी काल संध्याकाळपासून ओरडून सांगत होते. आज तुम्ही आलात, सगळ्यांशी बोललात, आणि मला काय विचारलंत? उन्हात का ठेवलंस. ठेवलंस का, असं नाही विचारलंत. का ठेवलंस. बोट उताणं पडलं असतं तर आत्ता मी बॅग भरत असते, आणि तुम्ही जेवायला थांबला असतात."

धाकटी उरलेल्या पायऱ्या चढून गेली. आयुष्यभर फौजदार लोकांना प्रश्न विचारत आली होती, आणि धाकटीच्या बोलण्यात चूक शोधावी असं एकही अक्षर तिला सापडलं नाही. वरचं दार लागलं आणि आतून कडी सरकवल्याचा आवाज आला.